पुढचा वेगळा, मागचा वेगळा: गोव्याच्या मातीत माउंटन बाइकचे टायर

चपला आपण जोडीने विकत घेतो, पण डावी चप्पल उजव्या पायात घालत नाही. सायकलच्या टायरांच्या बाबतीत मात्र आपण एवढाही विचार करत नाही. दुकानात जायचं, "एक जोडी द्या" म्हणायचं आणि पुढेमागे तोच टायर, तीच नक्षी, तीच रुंदी बसवून घरी यायचं. शाळेत जायच्या सायकलीला ते खपून जातं. पण माउंटन बाइक घेऊन सड्यावरून (जांभ्याच्या उघड्या पठारावरून), चिरेखाणीच्या वाटेने किंवा काजूच्या बागेतून उतरायचं असेल, तर पुढचं आणि मागचं चाक म्हणजे वेगवेगळ्या कामावर लावलेले दोन गडी आहेत. दोघांच्या हातात एकच कोयता देऊन भागत नाही.

हा विषय निघाला चतुर्थीला. साखळी गावात राहणारा माझा भाचा माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची चौकट) बांधायला आला होता. वर्षभरापूर्वी त्याने माउंटन बाइक घेतली आणि तेव्हापासून भर पावसाचे दोन महिने सोडले तर एकही रविवार घरी काढलेला नाही. स्टुलावर उभं राहून सुपारीचा घड बांधता बांधता त्याने विचारलं, "मामा, मागचा टायर पार चकोट झालाय. दोन्ही एकदम बदलून टाकू? आणि कुठला घेऊ?" मी म्हटलं, आधी खाली उतर. त्या दिवशी त्याला सांगितलं ते सगळं, आणि माटोळीच्या घाईत सांगायचं राहिलं ते, असं दोन्ही इथे लिहितो आहे.

जाता जाता एक गंमत. कोकणीत पुढच्याला 'फुडलो' आणि मागच्याला 'फाटलो' म्हणतात. पुण्याहून आलेला माझा एक मित्र फोंड्याला सायकल दाखवायला घेऊन गेला. मेकॅनिक म्हणाला, "फाटलो टायर बदलपाक जाय." मित्र तावातावाने म्हणाला, "फाटला कुठे? फक्त झिजलाय!" दोघांचंही खरं होतं.

घसरायचंच असेल तर कोणी?

काही वर्षांपूर्वी जूनमधल्या पहिल्या सरीनंतर मी डिचोलीच्या बाजूच्या एका सड्यावरून उतरत होतो. रस्त्यावर भराभर पळतात म्हणून दोन्ही चाकांना बारीक नक्षीचे, जवळजवळ गुळगुळीत टायर लावले होते. त्या उतारावर मागचं चाक याआधी दहा वेळा तरी घसरलं असेल. दर वेळी सायकल शेपटी हलवायची, मी पाय टेकवायचो, हसायचो आणि पुढे जायचो. त्या दिवशी पुढचं चाक घसरलं. कोणीतरी हँडल हातातून हिसकावून घ्यावं तसं झालं आणि काय झालं ते कळायच्या आत कोपर जांभ्यावर घासत होतं. नव्या टायरपेक्षा महाग पडलं ते मलमपट्टीचं बिल.

असं का होतं? सायकल उभी राहते ती हँडलच्या जोरावर. तोल डावीकडे जायला लागला की आपण नकळत हँडल किंचित डावीकडे वळवतो, चाकं पुन्हा अंगाखाली येतात आणि तोल सावरतो. हे मिनिटाला कितीतरी वेळा चालू असतं, आपल्या लक्षातही येत नाही. मागचं चाक सुटलं तरी ही सोय शाबूत राहते, कारण वळवायचं चाक पुढे आहे आणि त्याची पकड अजून आहे. पुढचं सुटलं की ती सोयच जाते. हँडल वळवून उपयोग होत नाही, कारण वळवलेलं चाक जमिनीला धरूनच नाही.

आता वजनाचा हिशेब बघू. तुम्ही ७१ किलोचे, सायकल १४ किलोची, मिळून ८५. सीटवर बसून सपाटीवर चालवताना साधारण ६० टक्के भार मागे आणि ४० टक्के पुढे असतो. म्हणजे मागे ५१ किलो, पुढे ३४. ब्रेक दाबला की चित्र उलटतं. ताशी २५ किलोमीटरच्या वेगावरून साधारण ८ मीटरांत थांबायचं असेल, तर सुमारे २३ किलो भार मागून पुढे सरकतो. आता पुढे ५७, मागे २८. उतारावर तर यापेक्षाही जास्त. थोडक्यात, सायकल ढकलण्याचं आणि तुमचा भार वाहण्याचं काम मागचं चाक करतं, तर वळवण्याचं आणि थांबवण्याचं मोठं काम पुढचं.

हे सगळं काम किती जागेवर चालतं? टायरमधल्या हवेचा दाब २३ पीएसआय धरला, तर तो दर चौरस सेंटिमीटरला साधारण १.६ किलो. ३४ किलोला त्याने भागा: २१ चौरस सेंटिमीटर. काड्यापेटीपेक्षा जरासा मोठा तुकडा. त्यातही नक्षीच्या मधल्या फटी वजा करा. एवढ्याशा रबरावर आपण चिरेखाणीचा उतार उतरतो.

म्हणून माझा नियम एकच: टायर असे निवडा की पकड सुटायची वेळ आली तर मागचा आधी सुटावा. मागचा घसरला की ती ताकीद समजायची. पुढचा घसरला की ताकीद द्यायलाही कोणी उरत नाही.

बटणं वाचायची कशी

खडबडीत टायरला आपल्याकडे 'बटण टायर' म्हणतात. शब्द चांगला आहे, तोच वापरतो. टायर हातात घेऊन बघितला तर बटणांच्या तीन रांगा ओळखू येतात: मधली, कडेची आणि या दोघींच्या मधली.

सरळ जाताना मधली रांग जमिनीला लागते. ती बुटकी आणि दाट असेल तर टायर हलका पळतो. उंच आणि विरळ असेल तर माती चांगली धरतो, पण डांबरावर 'गुंऽऽ' असा आवाज करत तुमचे पाय दमवतो. वळणावर सायकल कलली की कडेची रांग कामाला लागते. वळताना जीव असतो तो हिच्या हाती. आणि मधल्या-कडेच्या दरम्यानची रांग म्हणजे सरळपासून कलण्यापर्यंत जातानाचा पूल. काही टायरांत ही रांग जवळजवळ नसतेच. असा टायर धीट चालवणाऱ्याला आवडतो, कारण एकदा सायकल पुरती कलवली की कडेची बटणं कचकन धरतात. नवशिक्याला मात्र ती मधली निसटती जागा घाबरवते. भाच्याला मी ही दरम्यानची रांग भरलेलाच टायर घ्यायला सांगितला.

पुढे काय हवं? कडेला उंच, जाड, एकमेकांपासून सुटी बटणं, कारण पुढच्या चाकाला आडवं सरकण्यापासून रोखायचं असतं. बटणांच्या लांब कडा सायकलच्या दिशेने असतील तर हे काम चांगलं होतं. मागे काय हवं? मागच्या चाकाला पॅडलच्या जोराने माती मागे लोटायची असते आणि ब्रेक लावला की तीच माती उलट दिशेने धरायची असते. त्यासाठी बटणांच्या आडव्या कडा हव्यात. पुढच्या बाजूने किंचित उतरत्या कापलेल्या असल्या तर पळायलाही हरकत नाही. बटणांवर ब्लेडने मारल्यासारखे बारीक चरे दिसतात, ते शोभेसाठी नसतात. त्यामुळे बटण दबताना उघडतं आणि ओल्या दगडावर जास्त कडा टेकतात.

पुढचा-मागचा वेगळा हा विचार माउंटन बाइक जन्मली तेव्हा नव्हता. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपाइसच्या बाजूला काही मंडळी १९३०-४०च्या जुन्या सायकली जाड 'बलून' टायरांवर डोंगरावरून खाली सोडायची. त्या शर्यतीचं नाव रिपॅक. खाली पोहोचेपर्यंत मागच्या हबमधल्या (चाकाच्या मधल्या तुंब्यातल्या) ब्रेकचं ग्रीस जळून जायचं आणि हब पुन्हा भरावा लागायचा, म्हणून ते नाव पडलं. दोन्ही टायर सारखेच, आणि मिळतात हेच नशीब. नव्वदच्या दशकात पॅनारेसर या टायर कंपनीचा 'डार्ट' पुढे आणि 'स्मोक' मागे ही जोडी खूप चालली. डार्टवर बाणाच्या टोकासारखी नक्षी, स्मोकवर वल्ह्यासारखी आडवी बटणं. आजही हा विचार नावांतूनच दिसतो. मॅक्सिसच्या मिनियन 'डीएचएफ'मधला एफ म्हणजे फ्रंट, 'डीएचआर'मधला आर म्हणजे रिअर. श्वाल्बेचा रेसिंग रे पुढे लावायचा, रेसिंग राल्फ मागे. कॉन्टिनेंटलने तर क्रिप्टोटल या एकाच नावाचे पुढचा आणि मागचा असे दोन टायर काढले आहेत. मिनियनच्या मागच्या टायरची दुसरी आवृत्ती बरेच जण पुढेही लावतात आणि ती तिथे छान चालते, हे सांगून नियमाची थोडी हवा काढून घेतो. नावावर जाऊ नका, बटणं बघा.

नक्षीपेक्षाही लपून राहणारी गोष्ट म्हणजे रबराचा मऊपणा. दोन खोडरबर आठवा: एक मऊ, कागदाला धरणारं आणि महिन्यात संपणारं, दुसरं टणक, वर्षभर पुरणारं आणि कागदावरून घसरणारं. टायरच्या रबराचा टणकपणा 'शोर ए' नावाच्या मापाने मोजतात. ४२च्या आसपास म्हणजे खूप मऊ, ६०च्या वर म्हणजे टणक. मॅक्सिस मऊ रबराला मॅक्सग्रिप म्हणते आणि त्याहून टिकाऊ मिश्रणाला मॅक्सटेरा. श्वाल्बेच्या अ‍ॅडिक्स रबराच्या टायरवर रंगीत पट्टा असतो: लाल सर्वांत वेगवान, मग निळा, मग नारिंगी आणि जांभळा सर्वांत मऊ. मऊ रबर पुढे लावावं, कारण पुढचा टायर झिजतो कमी. मागच्या टायरवर भार जास्त, पॅडलचा जोरही त्याच्यावरच. माझ्या सायकलवर मागचे दोन टायर संपतात तोवर पुढचा एक चालतो. मागे मऊ रबर लावणं म्हणजे डिसेंबरात घेतलेले पैसे मार्चमध्ये रस्त्यावर घासून टाकणं.

इथली जमीन काय मागते

परदेशी व्हिडिओत दिसणारी काळीभोर, भुसभुशीत, केकसारखी माती गोव्यात अभावानेच सापडते. आपल्याकडे सडा आहे. जांभा हवा लागून टणक होतो, म्हणून तर आपण त्याचे चिरे कापून घरं बांधतो. सड्याचा पृष्ठभाग कातळासारखा कठीण आणि त्यावर वाटाण्याएवढे लाल-तपकिरी खडे पसरलेले. मोहरी सांडलेल्या फरशीवरून चालून बघा, तसं ते वाटतं. इथे फार उंच बटणांचा उपयोग नाही, कारण खाली रुतायला जागाच नाही. उंच आणि मऊ बटणं कठीण कातळावर वाकतात, सायकल वळणात डुलते आणि बटणांची मुळं फाटायला लागतात. मध्यम उंचीची, भक्कम बुडाची, कडेला दाट रांग असलेली बटणं आणि २.३ ते २.४ इंच रुंदी हे सड्याला मानवतं. जांभ्याच्या धारा ब्लेडसारख्या असतात हे मात्र विसरू नका. मागच्या टायरची बाजू चिरली जाते ती इथेच.

डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या खाणींकडच्या जुन्या वाटांवर जानेवारीनंतर टाल्कम पावडरसारखी लाल धूळ साचते. चाक तिच्यात बुडतं आणि खालचं काही दिसत नाही. त्यासाठी पुढे जरा उंच, सुट्या बटणांचा टायर बरा. हीच धूळ पहिल्या पावसात साबण होते. (या भागात कुठे कुंपण, कुठे अभयारण्य आहे, तेव्हा परवानगी विचारूनच जावं. पाणी भरलेल्या खंदकांच्या काठावर तर मुळीच जाऊ नये.)

पावसाळा हा स्वतंत्र अध्याय आहे. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलच्या देवकीकृष्णाच्या मंदिरासमोर चिखलकाला होतो. तिथे चिखलात लोळायचा आनंद आहे, सायकलवर तोच चिखल वेगळा वागतो. चोडण किंवा दिवाडीला फेरीबोटीने जाऊन खाजन (खाडीकाठच्या सखल) शेतांच्या बांधांवरून गेलात तर चिकणमाती बटणांमधल्या फटी भरून टाकते. चाकाच्या दहा फेऱ्यांत बटण टायर गुळगुळीत होतो, मग माती फ्रेम आणि टायरच्या मधल्या जागेत चढते आणि चाक फिरायचंच थांबतं. अशा वेळी रुंद टायर उलटा घात करतो. २.२ इंचाच्या आसपासचा, बटणं दूर दूर असलेला टायर स्वतःला झाडून घेतो. दोन टायर पदरी असतील तर हाच पावसाळी.

शेवाळाबद्दल खोटा दिलासा देत नाही. जुन्या चिऱ्याच्या पायवाटेवर ऑगस्टमध्ये जो हिरवा थर येतो, त्यावर कुठलंही रबर चालत नाही. उतरा, सायकल हातात धरा, चाला. त्यात कमीपणा काही नाही.

ओल्या हॉटमिक्स रस्त्याबद्दल एक गैरसमज घट्ट बसलेला आहे: पाऊस आहे तर बटण टायर हवा, म्हणजे पाणी बाजूला होईल. मोटारीच्या बाबतीत खोल नक्षीचा उपयोग होतो, कारण वेगात रुंद टायर पाण्यावर तरंगायला लागतो. हे कुठल्या वेगाला होतं याचं विमानांच्या चाकांसाठी नासात मांडलेलं सूत्र आहे. ते वापरलं तर २५ पीएसआयच्या टायरला ताशी सुमारे ८३ किलोमीटर येतात, आणि सायकलचा टायर गोल आणि अरुंद असल्यामुळे तो पाणी आणखी सहज कापतो. अनमोड घाटात कोणी हा वेग गाठत असेल तर त्याला टायरपेक्षा वेगळ्या सल्ल्याची गरज आहे. ओल्या डांबरावर पकड मिळते ती रबर टेकण्यातून, आणि बटण टायर तिथे कमी टेकतो. म्हणून घरापासून वाटेपर्यंत पंधरा-वीस किलोमीटर डांबर तुडवायचं असेल, तर मागे मधली रांग दाट असलेला टायर घ्या आणि बटणांची हौस पुढे भागवा.

कुळागरात (सुपारीच्या बागेत), सुपारीच्या झावळ्या आणि ओली मुळं यांच्यावरून जाताना पुढचं मऊ रबर आणि कमी हवा यांना पर्याय नाही. आणि मोरजीच्या वाळूवर नक्षीला काही अर्थ उरत नाही. वाळूला लागते रुंदी आणि कमी हवा, आणि घरी आल्यावर चेन गोड्या पाण्याने धुणं.

टायरच्या कडेवरचे आकडे

दुकानात सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. '२९ x २.२५' असं लिहिलेलं असतं, पण भरवसा ठेवायचा तो शेजारी बारीक अक्षरात छापलेल्या '५७-६२२'वर. ५७ म्हणजे फुगवलेल्या टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६२२ म्हणजे रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास. २९ इंचाच्या चाकाला ६२२, २७.५ला ५८४ आणि जुन्या २६ला ५५९. हा दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे. तिथे तडजोड नाही. पहिल्यात थोडं पुढेमागे चालतं.

किती चालतं ते दोन गोष्टींवर ठरतं. पहिली म्हणजे रिमची आतली रुंदी. १९-२१ मिलिमीटरच्या अरुंद रिमवर २.१ ते २.२५ इंची टायर शोभतो. २५वर २.२५ ते २.४ आणि ३०वर २.४ ते २.६. अरुंद रिमवर फार रुंद टायर चढवला तर तो फुग्यासारखा होतो आणि कमी हवेत वळणावर लोळतो. दुसरी गोष्ट म्हणजे फ्रेममधली जागा. पुढे फोर्कमध्ये बहुधा ऐसपैस असते, मागे चेनच्या बाजूच्या दांड्यांमध्ये नसते. दोन्ही बाजूंना निदान ६ मिलिमीटर मोकळे हवेत, पावसाळ्यात त्याहून जास्त. म्हणून पुढे २.४ आणि मागे २.२५ किंवा २.३ ही जोडी खूपदा आपोआपच जमून येते.

'टीपीआय' म्हणजे टायरच्या कापडात एका इंचात किती धागे आहेत. १२० म्हणजे पातळ, मऊ, खडबडीवरून लवचिकपणे जाणारा. ६० म्हणजे जाड धाग्यांचा, राकट. पंच्याची आणि गोणपाटाची तुलना थोडी अतिशयोक्त होईल, पण दिशा तीच. जांभ्याच्या धारांसाठी मागे ६०चा किंवा बाजूला जादा थर असलेला टायर घ्यावा असं माझं मत आहे. शंभर-दीडशे ग्रॅम वाढतात, वाढू देत. दगडावर आपटायचं काम मागच्याच्या वाट्याला येतं, कारण पुढचं चाक आपण उचलतो किंवा चुकवतो, मागचं बिचारं फरफटत मागून येतं.

कडेत लोखंडी तार असलेला टायर आणि घडी घालता येणारा टायर यांत पकडीचा फरक नाही, वजनाचा आणि किमतीचा आहे. पुढे जा.

ट्यूबलेसबद्दल थोडं थांबून बोलतो. ट्यूब काढून टाकायची, रिमला आतून टेप लावायची, वेगळा व्हॉल्व्ह बसवायचा आणि आत दुधासारखं सीलंट ओतायचं. करवंदीचा काटा घुसला की सीलंट भोकात जाऊन घट्ट होतं आणि तुम्ही पुढे जाता, कित्येकदा घरी आल्यावरच काटा दिसतो. दुसरा फायदा मोठा आहे: हवा कमी ठेवता येते. ट्यूब असताना कमी हवेत दगडावर आपटलात तर रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चिमटते आणि सापाच्या दातांसारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबच नसेल तर चिमटणार काय? तोटा असा की आपल्या उकाड्यात सीलंट लवकर सुकतं. दोन-तीन महिन्यांनी चाक हलवून बघावं. आत पाण्यासारखं खळखळलं नाही तर नवं घालायची वेळ झाली. टायर आणि रिम दोन्ही ट्यूबलेसला चालणारे आहेत ना, हे आधी बघा. साध्या रिमवर जुगाड करून लावलेला टायर वळणावर सुटलेला मी पाहिला आहे.

आणि हवा! हजारो रुपयांचा टायर घेऊन त्यात पेट्रोल पंपावर ४५ पीएसआय भरणारे लोक मला भेटतात. दगडासारखा कडक टायर खड्यावरून उसळतो, आणि उसळलेला टायर जमिनीला धरत नाही. सत्तर किलोच्या आसपासच्या माणसाने ट्यूबलेसमध्ये पुढे २२-२३ आणि मागे २५-२६पासून सुरुवात करावी. ट्यूब असेल तर दोन्हीकडे चार-पाच जास्त. वजनाने जास्त असाल तर त्या मानाने वाढवा. पुढे मागच्यापेक्षा दोन-तीन कमीच, कारण भार कमी आणि पकड जास्त हवी. मग एका ओळखीच्या उतारावर एक-एक पीएसआय कमी करत जा. रिम दगडाला 'टक' करायला लागली किंवा वळणात टायर लोळल्यासारखा वाटला की एक-दोन वाढवा. तो तुमचा आकडा. अंगठ्याने दाबून बघायची सवय सोडा, पाचशे-सातशेचा हवेचा मापक घ्या. एवढ्या पैशात सायकल इतकी बदलणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

मग घेऊ काय?

भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. त्याची वाट म्हणजे साखळीहून डांबरावर दहा-बारा किलोमीटर, मग सडा, मग काजूच्या बागेतला उतार. पावसात दोन महिने तो सायकल बाहेर काढत नाही. अशा माणसाला पुढे मिनियन डीएचएफसारखा आडदांड टायर लागत नाही. तो चोर्ला घाटाच्या बाजूला उंच उड्या मारणाऱ्यांसाठी ठेवू. पुढे मध्यम उंचीची, कडेला भक्कम बटणं असलेला, मऊ रबराचा २.३५ किंवा २.४, मॅक्सिस फोरकास्टर किंवा श्वाल्बे नॉबी निकच्या जातीतला. मागे दाट मधल्या रांगेचा, टणक रबराचा, जाड बाजूंचा २.२५, मॅक्सिस रेकॉन किंवा व्हिटोरिया मेझकलच्या जातीतला. नाव हेच हवं असं नाही. दुकानात जे असेल ते हातात घ्या, कडेची बटणं अंगठ्याने वाकवून बघा. लुधियानाच्या राल्सनसारख्या भारतीय टायरांनीही शिकायला काहीच अडत नाही, मी त्यावरच शिकलो.

पण त्याच्याजवळ दोन टायरांचे पैसे नव्हते, आणि झिजला होता फक्त मागचा. इथे बहुतेक जण सरळ हिशेब करतात: मागचा झिजला, तर नवा मागे लावू. हा हिशेब चुकीचा आहे. नवा टायर नेहमी पुढे लावायचा. पुढचा अर्धा झिजलेला टायर मागे घ्यायचा आणि मागचा चकोट झालेला काढून टाकायचा. याने उत्तम पकड नेहमी पुढे राहते आणि मागे अर्धा झिजलेला टायर उरलंसुरलं आयुष्य छान काढतो, कारण झिजलेली मधली रांग पळायला हलकीच असते. यात उलटापालट होता कामा नये. काही जण मोटारीसारखे पुढचे-मागचे टायर अधूनमधून अदलून बदलून लावतात, म्हणजे दोन्ही सारखे झिजतील. सायकलवर त्याचा अर्थ एवढाच की झिजलेला टायर तुम्ही आपल्या हाताने पुढे नेऊन बसवला.

पुढचा टायर नेहमी मागच्यापेक्षा आधी बदलावा लागला तर समजा कुठेतरी चुकतंय. आणि झिज बघायची ती मधल्या रांगेवरच नाही. कडेच्या बटणांच्या बुडाशी बोट फिरवा. तिथे चिरा पडल्या असतील किंवा बटण अंगठ्याने जास्तच लवत असेल, तर मध्ये कितीही नक्षी शिल्लक असली तरी तो पुढचा टायर संपला. रबर उन्हात पडून कडक झालं असेल तेव्हाही तसंच. अंगणात उन्हात ठेवलेल्या सायकलचे टायर न चालवताच म्हातारे होतात.

भाच्याने एकच टायर घेतला. दुकानदाराने "एकच?" असं दोनदा विचारलं म्हणे. संध्याकाळी फोटो आला: नवा टायर पुढे, जुना पुढचा मागे, दोन्ही स्वतः बसवलेले, हात काळे आणि चेहऱ्यावर हसू. मी फोटो मोठा करून पुढच्या टायरच्या बाजूवरचा बाण शोधला. चाक ज्या दिशेने फिरतं ती दिशा तो बाण दाखवतो. बाण उलटा होता. फोन केला. पलीकडे जरा वेळ शांतता, मग "शी!" आणि पाना खाली पडल्याचा आवाज. पहिल्यांदा टायर चढवायला त्याला पाऊण तास लागला होता, दुसऱ्यांदा दहा मिनिटं.